जुना कोड, नवं रॉकेट : कुरू, 4 जून 1996

मंगळवार, 4 जून 1996. ठिकाण कुरू, फ्रेंच गयाना, दक्षिण अमेरिकेचा ईशान्य किनारा. पुढच्या सगळ्या वेळा तिथल्या घड्याळातल्या आहेत. आपलं घड्याळ त्याच्या साडेआठ तास पुढे असतं. मुख्य इंजिन पेटतं तो क्षण शून्य. त्याआधीचं सगळं उणे, नंतरचं अधिक.

पहाटेपासून सकाळी साडेआठपर्यंत

एरियान 5 आज पहिल्यांदा उडणार आहे. युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी 1987 मध्ये हेगच्या बैठकीत या प्रक्षेपकाला मंजुरी दिली, त्याला आता जवळपास नऊ वर्षं होत आली. शेंड्यावरच्या टोपणाखाली 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह बसवले आहेत. चौघांनी एकाच वेळी चार ठिकाणांहून मोजमाप घ्यायचं आणि पृथ्वीचं चुंबकावरण सौरवाऱ्याला कसं तोंड देतं ते त्रिमितीत दाखवायचं, असा बेत आहे. मधल्या टप्प्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन भरलं जातंय. वीज पडण्याचा धोका नाही. काळजी आहे ती धूसर हवेची.

आधीचा प्रक्षेपक एरियान 4 तेव्हा जगातल्या सर्वांत भरवशाच्या रॉकेटांपैकी एक होता. आपले इन्सॅट-2ए आणि इन्सॅट-2बी 1992 आणि 1993 मध्ये त्यानेच कक्षेत पोचवले. एवढं चांगलं चालणारं रॉकेट हाताशी असताना त्यातलं जे जे पुढच्या रॉकेटमध्ये वापरता येईल ते वापरायचं, हे कुणालाही पटेल. एरियान 5 मध्ये अशी एक महत्त्वाची गोष्ट जवळपास जशीच्या तशी आली: जडत्व-संदर्भ यंत्रणा, तिच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून एसआरआय. जायरोस्कोप आणि त्वरणमापक यांच्या मदतीने रॉकेट कुठे तोंड करून आहे आणि किती वेगाने जातंय हे ती सतत काढत असते. ही माहिती मुख्य संगणकाकडे जाते, आणि मुख्य संगणक त्यावरून इंजिनांचे नोझल वळवतो. यंत्रणेच्या पेट्या दोन: एक कामावर, दुसरी राखीव. दोन्हींतलं हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअरही तेच. सॉफ्टवेअर अ‍ॅडा भाषेत लिहिलेलं, आणि एरियान 4 वर तावूनसुलाखून निघालेलं.

कोडचा पुनर्वापर हा विषय आपल्याकडे बहुधा पुस्तकी वळणाने शिकवला जातो. क्लास लिहा, आतलं झाका, बाहेर फक्त वापरायच्या फंक्शनांची यादी ठेवा, मग तो क्लास दहा प्रकल्पांत वापरा. 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी कारखान्यातल्या सुट्या भागांसारखे सॉफ्टवेअरचे सुटे भाग मिळायला हवेत अशी मांडणी केली, आणि पुढच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांनी ते स्वप्न उचलून धरलं. हे स्वप्न मला आजही खरं वाटतं. म्हणूनच कुरूच्या त्या सकाळचा तपशील प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा असं मनापासून वाटतं.

सकाळी 8:35. उलटगणती उणे 7 मिनिटांवर थांबलेली

प्रक्षेपणासाठी ठरवलेला कालावधी सुरू झाला, पण दृश्यतेचे निकष पूर्ण होत नाहीत. तोवर सगळं सुरळीत चाललेली उलटगणती सात मिनिटं आधी थांबवून ठेवली आहे. हवामान सुधारेल असा अंदाज आहे. वाट पाहायची.

ऐन वेळी उलटगणती थांबणं, याच अडचणीवर तोडगा म्हणून पूर्वी कधीतरी लिहिलेला कोडचा तुकडा आज रॉकेटच्या आत बसलेला आहे.

उड्डाणाआधी एसआरआयला स्वतःला लावून घ्यावं लागतं. सरळ खालची दिशा कोणती, उत्तर कुठे, हे ती स्थिर उभ्या असलेल्या रॉकेटमध्ये बसून ठरवते. याला अलाइनमेंट म्हणतात. रॉकेटने जमीन सोडली की या हिशेबाला काही अर्थ उरत नाही, कारण ज्या स्थिरतेवर तो बेतलेला असतो तीच संपते. मग उडताना तो चालू ठेवायचा कशाला?

उत्तर एरियानच्या आधीच्या पिढ्यांत आहे. एरियान 4 मध्ये एसआरआय उड्डाणाच्या अवस्थेत जायची ती उणे 9 सेकंदाला. त्यानंतर, पण उणे 5 सेकंदांच्या आधी, काही कारणाने उलटगणती थांबवावी लागली तर? अलाइनमेंट बंद झालेली असेल तर ती पुन्हा करायला पाऊण तास किंवा त्याहून जास्त लागणार, आणि तेवढ्यात त्या दिवसाचा प्रक्षेपणाचा कालावधी निघून जाणार. म्हणून ठरलं की उड्डाणाची अवस्था सुरू झाल्यावरही अलाइनमेंट आणखी 50 सेकंद चालू राहू द्यायची. जमिनीवरच्या उपकरणांना पुन्हा ताबा घ्यायला तेवढा वेळ पुरतो. चांगला विचार होता तो. 1989 मध्ये 33 व्या उड्डाणाच्या वेळी त्याचा एकदा उपयोगही झाला.

एरियान 5 ची तयारीची क्रमवारी वेगळी आहे. तिथे या सोयीची गरजच नव्हती. तरीही ती राहिली. दोन्ही रॉकेटांत समानता राहावी, आणि एरियान 4 वर चांगलं चाललेल्या सॉफ्टवेअरला विनाकारण हात लावू नये, असा विचार त्यामागे असावा असं पुढे चौकशी मंडळाने नोंदवलं.

'चालतंय ना, मग हात लावू नका' हे कुठल्याही प्रोग्रामरच्या तोंडी असलेलं वाक्य आहे, आणि ते मूर्खपणाचं नाही. चालत्या कोडला हात लावून नवे दोष आणणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पण 'चालतंय' या शब्दाला नेहमी एक ठिकाण जोडलेलं असतं. हा कोड एरियान 4 वर, एरियान 4 च्या मार्गाने चालत होता. तो कुठेही चालेल असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं, आणि तसा दावाही कुणी केलेला नव्हता.

सकाळी 9:00. अजून थांबलेलंच

या तासाभरात आपण पेटीच्या आत डोकावू.

अलाइनमेंटच्या हिशेबात एक व्हेरिएबल आहे, बीएच: आडवा कल. रॉकेटच्या आडव्या वेगाशी त्याचा संबंध आहे. आत हा आकडा 64 बिटांचा, दशांशासह ठेवलेला असतो. एका टप्प्यावर त्याचं रूपांतर 16 बिटांच्या पूर्णांकात करायचं असतं. 16 बिटांत उणे 32768 पासून 32767 पर्यंतचेच आकडे मावतात. बँकेच्या चलनावर रकमेसाठी पाचच चौकटी छापलेल्या असाव्यात आणि भरायची रक्कम सहा आकडी निघावी, तसा हा प्रकार.

अशा वेळी आकडा मावत नसेल तर काय करायचं याची तजवीज कोडमध्ये करता येते. अ‍ॅडा ही त्यासाठी नावाजलेली भाषा आहे. धोका असलेली सात रूपांतरं लिहिणाऱ्यांनी ओळखलेलीही होती. पण एसआरआयच्या प्रोसेसरवर 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही असं ठरलेलं होतं, आणि प्रत्येक संरक्षक तपासणी थोडा वेळ खाते. म्हणून सातांपैकी चारांना संरक्षण दिलं, तीन उघडी ठेवली. त्या तिघांबद्दल विचार असा झाला की त्यांची किंमत एक तर भौतिकदृष्ट्याच मर्यादित आहे किंवा मर्यादेपासून पुष्कळ लांब आहे. बीएच त्या तिघांपैकी एक.

हा विचार एरियान 4 साठी बरोबर होता. तो घाईत झाला नव्हता आणि कुणी एकट्याने केला नव्हता. प्रकल्पातल्या वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या भागीदारांनी मिळून तो मान्य केला होता. पण त्याचं कारण कोडमध्ये त्या ओळींपाशी लिहिलं गेलं नाही. कागदपत्रांच्या डोंगरात ते कुठेतरी होतं, आणि बाहेरून तपासणी करणाऱ्याला तिथवर पोचण्याची वाटच नव्हती. कुणी मुद्दाम लपवलं नाही. ते आपोआप झाकलं गेलं.

मला या सगळ्या घटनेत सर्वांत जास्त खटकतं ते हेच. चांगल्या लायब्ररीचा गुण म्हणून आपण शिकतो तो म्हणजे आतलं झाकणं, एन्कॅप्सुलेशन. वापरणाऱ्याला आत काय चाललंय ते कळायची गरज पडू नये. फंक्शनचं नाव, त्याला द्यायचे आकडे आणि परत येणारं उत्तर एवढं पुरे. हे तत्त्व उत्तमच आहे, त्याशिवाय मोठं सॉफ्टवेअर उभंच राहू शकत नाही. पण झाकताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच पांघरुणाखाली जातात. हिशेब कसा केला हे झाकायचं असतं. हिशेब कोणत्या अटीवर बरोबर येतो हे उघडं ठेवायचं असतं. एसआरआयच्या कोडमध्ये दुसरी गोष्टही पहिलीबरोबर आत गेली. अट अशी होती: आडवा वेग एरियान 4 च्या मर्यादेत राहील तोवरच हे रूपांतर सुरक्षित आहे. ही अट पेटीच्या दारावर लिहिलेली नव्हती.

इथे एक खुलासा करायला हवा. एसआरआयचा कोड ज्या पिढीच्या अ‍ॅडात होता, तीत क्लासचा वारसा वगैरे नव्हता. तो भाग 1995 च्या अ‍ॅडात आला. पण पॅकेज, झाकलेला अंतर्भाग आणि पुनर्वापर ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचाराची पायाभूत अंगं तीत होतीच. त्यामुळे जावा किंवा सी प्लस प्लस वापरणाऱ्याने ही गोष्ट दुसऱ्या मुलखातली समजू नये.

नऊ वाजून गेलेत. दृश्यता सुधारू लागली

चाचणीत हे सापडलं नाही का, हा प्रश्न आतापर्यंत वाचकाच्या मनात आला असेल.

एरियान 5 चा सुरुवातीचा मार्ग एरियान 4 पेक्षा वेगळा आहे. त्याचा आडवा वेग पाचपट झपाट्याने वाढतो. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. मार्ग आखणाऱ्यांना तो आकड्यांनिशी ठाऊक होता. पण एसआरआयने काय काय करावं याच्या मागणीपत्रात एरियान 5 च्या मार्गाची माहिती घालायची नाही असं संबंधितांनी मिळून ठरवलं. त्यामुळे एसआरआयच्या स्वतंत्र चाचणीत त्या वेगाचे आकडे कधी दिलेच गेले नाहीत. आणि पॅरिसजवळ ले म्युरो इथे संपूर्ण उड्डाणाच्या नकली चाचण्या झाल्या तेव्हा खऱ्या एसआरआय जोडल्या नव्हत्या; त्यांच्या जागी त्यांचं काम करणारं दुसरंच सॉफ्टवेअर बसवलं होतं. एसआरआय स्वतंत्रपणे तपासून मान्य झालेली आहे, मग पुन्हा कशाला, असा हिशेब.

म्हणजे मार्ग एका टेबलावर होता आणि कोड दुसऱ्या टेबलावर. दोन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या कामात पारंगत. मधल्या जागेत कुणी उभं नव्हतं.

9:26:59. उणे 7 मिनिटं

हवामानाने साथ दिली. उलटगणती पुन्हा सुरू. या पुढची जुळवाजुळव यंत्रं आपसांत करतात.

9:33:50. उणे 9 सेकंद

एरियान 4 असतं तर या क्षणी एसआरआय उड्डाणाच्या अवस्थेत गेली असती, आणि ती 50 सेकंदांची सोय खऱ्या अर्थाने कामाला आली असती. हे एरियान 5 आहे. काही होत नाही.

9:33:56. उणे 3 सेकंद

दोन्ही एसआरआय उड्डाणाच्या अवस्थेत जातात. जुन्या मागणीप्रमाणे अलाइनमेंट चालूच राहते. तिचे 50 सेकंद इथून मोजायचे, म्हणजे ती अधिक 47 व्या सेकंदाला आपोआप थांबेल.

9:33:59. शून्य

व्हल्कॅन इंजिन पेटतं. भारतात संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं होत आहेत.

9:34:06. अधिक साडेसात सेकंद

दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर पेटतात आणि सातशे टनांहून जड रॉकेट जमीन सोडतं. ज्वलन व्यवस्थित, उड्डाण व्यवस्थित. रॉकेट आधी सरळ वर जातं, मग ठरल्याप्रमाणे कलू लागतं आणि आडवा वेग घेऊ लागतं. इकडे अलाइनमेंटचा कोड स्थिर उभ्या रॉकेटचा हिशेब इमानेइतबारे करत बसला आहे. त्याच्या उत्तराची आता कुणाला गरज नाही. बीएचचा आकडा मात्र चढत चालला आहे.

9:34:35. अधिक 36.7 सेकंद

राखीव एसआरआयमध्ये आकडा 16 बिटांत मावेनासा होतो. एक्सेप्शन उभं राहतं.

एक्सेप्शन उभं राहणं हा स्वतः काही अपघात नाही. चूक पकडली गेली, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न असतो तो पकडल्यावर काय करायचं याचा. मागणीपत्रात लिहिलं होतं की कुठलंही एक्सेप्शन आलं तर बिघाडाची सूचना द्यावी, बिघाडाचा तपशील मेमरीत साठवावा, आणि प्रोसेसर बंद करावा. यामागे एक ठाम समजूत होती: बिघाड झाला तर तो हार्डवेअरचा, अधूनमधून, योगायोगाने होणारा. असा बिघाड झालेली पेटी गप्प केलेलीच बरी, कारण दुसरी पेटी आहेच. सॉफ्टवेअर चुकीचं ठरत नाही तोवर बरोबर मानायचं, अशी ही धारणा. चौकशी मंडळाने पुढे नेमकं उलट सुचवलं: सॉफ्टवेअर बरोबर असल्याचं योग्य पद्धतींनी दाखवलं जात नाही तोवर ते चुकीचं धरून चालावं.

राखीव पेटी गप्प झाली.

0.05 सेकंदांनंतर

कामावरची पेटी त्याच कारणाने गप्प होते.

त्याच कारणाने, कारण तिच्यात तोच कोड आहे आणि तिच्याकडे तोच आकडा आला आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत सांगायचं तर एकाच क्लासचे हे दोन ऑब्जेक्ट. दोन हार्डवेअर पेट्या ठेवल्या की एकाचा बिघाड दुसऱ्याला सहसा लागत नाही. कोडची जोडी ठेवून तसं काही साधत नाही. विचारातली उणीव दोन्ही ठिकाणी अक्षरशः तीच असते. एक लायब्ररी हजार प्रकल्पांत वापरली जाते तेव्हा हेच हजार ठिकाणी होतं. पुनर्वापराचा फायदा सांगताना आपण म्हणतो की दोष एकदा दुरुस्त केला की सगळीकडे दुरुस्त होतो. त्याची दुसरी बाजू सेकंदाच्या त्या विसाव्या हिश्श्यात दिसते.

मुख्य संगणक राखीव पेटीकडे वळू पाहतो. ती तर आधीच्याच 72 मिलिसेकंदांच्या फेरीत बंद पडलेली.

पुढचे दोन सेकंद

बंद पडताना एसआरआयने डेटाच्या वाटेवर बिघाडाची निदानमाहिती पाठवली. मुख्य संगणक तिथून फक्त उड्डाणाचे आकडे येतील असं धरून चालणारा. त्याने ते बिट उड्डाणाचे आकडे म्हणूनच वाचले. त्यांच्या मते रॉकेट भलत्याच दिशेला झुकलेलं होतं. प्रत्यक्षात ते अगदी ठरल्या वाटेवर होतं.

संगणकाने न झालेली चूक सुधारायला घेतली. आधी बूस्टरचे नोझल आणि मग मुख्य इंजिनाचंही नोझल एका बाजूला पार टोकापर्यंत वळलं. रॉकेट वाऱ्याला 20 अंशांहून जास्त कोनात आडवं झालं.

9:34:38. अधिक 39 सेकंद

हवेचा दाब सोसेना. बूस्टर मुख्य भागापासून सुटले, आणि असं काही झालं की रॉकेटने स्वतःला नष्ट करावं ही यंत्रणा ठरल्याबरहुकूम कामाला लागली. उंची सुमारे 4 किलोमीटर, प्रक्षेपणतळापासून अंतर सुमारे 1 किलोमीटर. होत्याचं नव्हतं झालं. कुणाला इजा झाली नाही. चार उपग्रह गेले, आणि त्यांच्याबरोबर कित्येक वैज्ञानिकांच्या आयुष्यातली वर्षं.

9:34:46. अधिक 47 सेकंद

रॉकेट असतं तर या क्षणी अलाइनमेंट आपोआप बंद झाली असती. बीएचचा हिशेब त्यानंतर कुणी केला नसता. सुमारे दहा सेकंदांचा फरक.

त्याच दिवशी आणि पुढे

अवशेष सुमारे 5 किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात पडले. तो बहुतेक सगळा खारफुटीची दलदल आणि गवताळ माळ. त्या चिखलातून शोधून काढलेल्या सामानात दोन्ही एसआरआय सापडल्या, आणि त्यातली कामावरची पेटी फार मोलाची ठरली. दोन पेट्यांपैकी जी आधी बंद पडेल तिचाच बिघाडाचा तपशील जमिनीवर पाठवायची सोय होती. नंतर बंद पडलेल्या पेटीचं शेवटचं बोलणं तिच्या स्वतःच्या मेमरीतच राहिलेलं होतं. ते चिखलातून निघालं आणि वाचलं गेलं.

13 जून ते 19 जुलै

फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखालचं चौकशी मंडळ 13 जूनला कामाला लागलं आणि 19 जुलैला त्याने अहवाल दिला. पाच आठवड्यांत. हा अहवाल मी ओळखीच्या प्रत्येक तरुण प्रोग्रामरला वाचायला सांगतो. तो लहान आहे, स्वच्छ भाषेत आहे, आणि त्यात एकाही माणसावर खापर फोडलेलं नाही.

मंडळाने एसआरआयचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला या उड्डाणाच्या (अधिकृत क्रमांक 501) प्रत्यक्ष मार्गाचे आकडे दिले आणि संगणकावर चालवलं. अपघातापर्यंतची सगळी साखळी हुबेहूब पुन्हा घडली. हीच चाचणी आधी झाली असती तर, हे वाक्य पूर्ण करायची गरज नाही.

शिफारशी बऱ्याच आहेत. उड्डाण होताच अलाइनमेंट बंद करा. उडताना ज्याची गरज नाही असा कुठलाही कोड चालू ठेवू नका. चाचणीत शक्य तितकी खरी उपकरणं जोडा. बिघाड झाला तरी यंत्रणेने निदान तिच्या परीने उत्तम आकडे देत राहावं, एकदम गप्प होऊ नये. पण लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत वजनदार शिफारस वेगळीच आहे: सगळं उड्डाणाचं सॉफ्टवेअर तपासा आणि कोडने व त्याच्या समर्थनाच्या कागदपत्रांनी न बोलता गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट शोधून काढा, मग ती गृहीतकं, उपकरण जिथे वापरणार आहात तिथल्या मर्यादांशी ताडून पाहा. समर्थनाच्या कागदांकडे कोडइतकंच लक्ष द्या, असंही मंडळाने सांगितलं. म्हणजे तीन रूपांतरं का उघडी ठेवली याचं टिपण हेही उत्पादनाचाच भाग.

जानेवारी 1997

बर्ट्रांड मेयर, आयफेल भाषेचे जनक, आणि जाँ-मार्क जेझेकेल यांनी या अपघातावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ही चूक ना भाषेची, ना व्यवस्थापनाची. ही पुनर्वापराच्या विनिर्देशातली चूक आहे. प्रत्येक फंक्शनबरोबर त्याचा करार लिहिलेला हवा: आत येताना काय खरं असलं पाहिजे, बाहेर जाताना काय खरं असेल. एसआरआयच्या त्या रूपांतराच्या माथ्यावर एकच ओळ हवी होती:

पूर्वअट: आडवा कल 32767 पेक्षा जास्त नसावा

ही ओळ टिपणातली न राहता कोडचाच भाग असती, तर एरियान 5 साठी तो कोड घेणाऱ्या चमूला ती दिसली असती. ती पाळायची जबाबदारी कुणाची हेही ठरलं असतं: वापरणाऱ्याची.

या लेखावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. कराराची ओळ लिहून ठेवली तरी एरियान 5 चे आकडे घेऊन ती कुणी तपासलीच नाही, तर ती ओळ तिथे नुसती पडून राहणार. आणि उड्डाणात ती अट मोडली तेव्हा काय करायचं हा प्रश्न उरतोच. 80 टक्के भाराच्या मर्यादेत ती तपासणी चालू ठेवली असती की बंद, हाही.

तरी मला मेयर यांचाच पक्ष जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण चाचणीपेक्षा वाचनाशी निगडित आहे. कराराची ओळ आधी यंत्रासाठी नसते. ती त्या माणसासाठी असते जो दहा वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या प्रकल्पात बसून ही लायब्ररी उचलणार आहे आणि ज्याची मूळ लेखकाशी कधी भेट होणार नाही. एसआरआयच्या लेखकांना बीएचबद्दल सगळं ठाऊक होतं. मार्ग आखणाऱ्यांना आडव्या वेगाबद्दल सगळं ठाऊक होतं. त्यांच्यात ही एक ओळ असती, तर ती वाचून कुणीतरी विचारलं असतं, 'आपल्या रॉकेटचा आडवा कल किती होतो?' उत्तर त्याच प्रकल्पात, आकड्यांनिशी तयार होतं.

आज जावातल्या एखाद्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आलेला आकडा तपासून लगेच नकार देणं, पायथनमध्ये ठरावीक मर्यादेची स्पष्ट नोंद ठेवणं, लायब्ररीच्या नव्या आवृत्तीबरोबर तिच्या चाचण्याही वापरणाऱ्याच्या हाती देणं, हे सगळं जवळपास फुकट मिळतं. प्रोसेसरचा 80 टक्के भार सांभाळायची अडचण बहुतेकांना नसते. तरीही रोज अशा लायब्रऱ्या प्रकाशित होतात ज्यांच्या फंक्शनांची यादी सुंदर छापलेली असते आणि अटी मात्र लेखकाच्या डोक्यातच राहिलेल्या असतात.

1997 आणि पुढे

एरियान 5 चं दुसरं उड्डाण 30 ऑक्टोबर 1997 ला झालं. ते अंशतः फसलं, पण कारण वेगळं होतं. ऑक्टोबर 1998 मधलं तिसरं उड्डाण यशस्वी झालं, आणि 2021 च्या नाताळात याच प्रक्षेपकाने जेम्स वेब दुर्बीण अवकाशात नेली. क्लस्टरचे चार उपग्रह नव्याने बांधले गेले. 16 जुलै आणि 9 ऑगस्ट 2000 ला, दोन-दोन करून, बैकानूरहून सोयुझ रॉकेटांनी ते वर गेले.